खिडकीकडचा हात

माझे दोन हात दोन बायकांचे आहेत.
उजवा अजून पन्नाशीत रेंगाळतोय,
डावा, खिडकीकडचा, कधीच सत्तरी ओलांडून गेला:
ठिपके, सुरकुत्या,
कोपरापर्यंत भाजलेल्या वांग्याची साल.

एकतीस वर्षं टूसॉन ते नोगालेस.
सकाळी दक्षिणेला जायचं, संध्याकाळी उत्तरेला यायचं;
ऊन दोन्ही वेळा माझ्याच बाजूला.
हे नोकरी धरताना कुणी सांगत नाही.

मार्चमध्ये डॉक्टरीणबाईंनी गालावरचा तीळ कापून
बरणीत घातला,
आणि औषधाच्या चिठ्ठीवर, गोळ्यांच्या खाली,
लिहिलं: गाडीच्या काचांना फिल्म.

पहिलं दुकान टायरवाल्याला लागून.
"पाच टक्के घ्या, आतलं कुणाला दिसणार नाही."
अरे बाबा, मला लपायचं नाही, मला दिसायला हवं.
रात्री रानडुकरं पिल्लांची रांग घेऊन रस्ता ओलांडतात इथे.
भाव मात्र असा, की मी हुरळलेच,
मग त्याची स्वतःची गाडी पाहिली:
मागची काच जांभळी, अंगभर फोड.
हातच्या कांकणाला आरसा कशाला.

दुसऱ्या दुकानात कॉफी होती,
लाल दिव्यापुढे दोन काचा मांडलेल्या.
"मागे हात धरा," पोरगा म्हणाला.
डावाच धरला. त्याला सवय आहे.
साध्या काचेमागे चटका,
सिरॅमिकमागे नुसतं कोमट, चहा विसरल्यासारखं.
पटलं. विचारलं, लावणार कोण?
"आमची टीम."
टीमला नाव नव्हतं.
ब्लेड तर कुणातरी एकाच्याच हातात असणार,
आणि माझ्या मागच्या काचेत केसाएवढ्या तारा.

आन्सेल्मो बुएल्नाचं दुकान म्हणजे त्याचंच गॅरेज.
दार बंद, पंखा बंद, जमीन ओली:
"धूळ उडाली की संपलं."
दारातल्या पिकपची फिल्म त्याच्या मुलीच्या वयाची,
मुलगी कॉलेजात.
कडेवरून नख फिरवून पाहिलं, कुठे अडकलं नाही.
"काळं म्हणजे गार नव्हे," तो म्हणाला,
"पस्तीस घ्या, सिरॅमिक. जास्त काळं केलंत
तर पोलीस आणि मी, दोघंही तुमचे पैसे खाऊ."

मग तो काचा तपासत फिरला, बॅटरी तिरपी धरून,
आणि मागच्या डाव्या खिडकीशी थांबला.
आतून, खालच्या कोपऱ्यात,
धुक्याचे गोल गोल ठसे, एकावर एक.
"कुत्रा?"
"टेको."
"कुठाय?"
मी सांगितलं, जानेवारीत.
फडका त्याच्या हातातच होता, साबणाचं पाणी ठिबकत होतं.
"मिसेस ओहेदा, फिल्म स्वच्छ काचेलाच धरते.
पुसू का?"

दोन दुकानांत मला टक्के विचारले,
बजेट विचारलं, गाडीचं साल विचारलं.
पुसू का, हे यानंच.

"ती राहू दे," मी म्हटलं, "बाकीच्या कर."
तो कुरकुरला. अर्धवट काम त्याला आवडत नाही,
लोक म्हणतील बुएल्ना एक काच विसरला.
तरी बिलातून चाळीस डॉलर वजा केले
आणि तिथे काही न लिहिता नुसती रेघ मारली.

आता चार दिवस काचा खाली करायच्या नाहीत.
बँकेच्या खिडकीशी गाडी लावून
मी आख्खं दार उघडलं, अर्धी बाहेर लोंबकळत
चेक पुढे केला.
आतली मुलगी हसली, मीही.
हात सावलीत होता.
मागच्या सीटवर मात्र चौकोनी ऊन पडलं होतं,
बसायला जागा करून ठेवल्यासारखं.
चेकवर सही करायची राहिली होती.
पुन्हा दार उघडलं.